झोपेच्या अवस्था आणि स्वप्नभंग

झोप ही एकसंध गुंगी नसून मेंदूच्या विद्युत्-क्रियेवरून वेगवेगळ्या ओळखता येणाऱ्या आणि रात्रभर ठरावीक क्रमाने फिरून फिरून येणाऱ्या अवस्थांची साखळी आहे. या साखळीतील स्वप्नबहुल अवस्था चालू असताना जाग आली, तर माणसाला काय आठवते, त्याचे शरीर कोणत्या स्थितीत सापडते आणि पुरते भानावर यायला त्याला किती वेळ लागतो, हा या नोंदीचा विषय आहे. ‘स्वप्नभंग’ हा शब्द मराठीत एरवी आशाभंगासाठी वापरतात. येथे तो अक्षरशः, स्वप्न मध्येच तुटणे या अर्थाने घेतला आहे.

यंत्रे येण्याच्या कितीतरी आधी बोलभाषेने झोपेचे बारकावे टिपले होते. पेंग, डुलकी, डोळा लागणे, गाढ झोप, झोप चाळवणे आणि पहाटेची साखरझोप हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. मांडूक्य उपनिषदानेही जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशी विभागणी करून स्वप्नाची झोप आणि स्वप्नरहित झोप निरनिराळी मानली. प्रयोगशाळेला या भेदाचा शारीरिक पुरावा मिळण्यासाठी १९५३ साल उजाडावे लागले.

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख प्रथम घेतला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यानंतर झोपेतील लहरी जागेपणीच्या लहरींहून वेगळ्या असतात हे दिसून आले. शिकागो विद्यापीठात नाथानिएल क्लाइटमन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या युजीन अॅसेरिन्स्की यांना मात्र झोपलेल्या माणसाची बुबुळे मिटल्या पापण्यांआड अधूनमधून वेगाने फिरताना आढळली. या दोघांनी १९५३ मध्ये हे निरीक्षण मांडले, आणि त्या अवस्थेला शीघ्र नेत्रचलन निद्रा, म्हणजेच आरईएम, हे नाव रूढ झाले. तिच्यात मेंदू जवळजवळ जागेपणाइतका गजबजलेला असतो आणि स्नायू मात्र पार ढिले पडलेले असतात, म्हणून फ्रान्समधील ल्याँ येथील मिशेल झूवे यांनी तिला विरोधाभासी निद्रा म्हटले. १९६८ च्या वर्गीकरणात आरईएमखेरीज झोपेच्या चार पायऱ्या होत्या. २००७ मध्ये शेवटच्या दोन एकत्र करून एन-१, एन-२ आणि एन-३ अशा तीन ठेवण्यात आल्या. आलेखाचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा कोणत्या अवस्थेचा, हे तंत्रज्ञ ठरवतो.

एन-१ ही उंबरठ्यावरची अवस्था होय. सांगलीहून साताऱ्याकडे निघालेल्या एसटीत खिडकीच्या गजाला डोके टेकून डोलणाऱ्या प्रवाशाला शेजाऱ्याने हलवले, की तो ‘मी कुठे झोपलो होतो?’ असे म्हणतो, आणि हे तो प्रामाणिकपणे म्हणत असतो. कारण एन-१ मधून उठवलेल्या पुष्कळांना आपण झोपलो होतो असे वाटतच नाही. पायरी चुकल्यासारखा अंगाला बसणारा झटकाही याच टप्प्यावरचा. एन-२ मध्ये आलेखावर काही क्षणांचे दाट, चातीसारखे दिसणारे लहरींचे झुबके उमटतात; प्रौढांच्या रात्रीचा जवळजवळ निम्मा भाग याच अवस्थेत जातो. एन-३ म्हणजे गाढ झोप, जिच्यात लहरी मोठ्या आणि संथ होतात. या अवस्थेतील माणसाला उठवणे सर्वांत कठीण असते.

हे सगळे चक्र साधारण नव्वद मिनिटांचे असते आणि रात्रीतून चार ते सहा वेळा फिरते. परंतु ही चक्रे एकसारखी नसतात. गाढ झोपेचा बहुतेक वाटा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच उरकतो, तर आरईएमचा पहिला फेरा जेमतेम काही मिनिटांचा असून पुढचे फेरे लांबत जातात आणि पहाटेचा फेरा अर्ध्या तासाच्या पुढेही जाऊ शकतो. प्रौढांमध्ये एकूण झोपेचा पाचवा ते चौथा हिस्सा आरईएमचा असतो. नवजात अर्भकात तो जवळजवळ निम्मा असतो. पहाटेचे स्वप्न खरे होते, या समजुतीतील भाकिताचा भाग सोडून दिला तरी तिच्यामागचे निरीक्षण अचूक आहे. पहाटेची स्वप्ने लांब व रंगतदार असतात, आणि त्यांच्यातूनच थेट जाग येत असल्यामुळे तीच लक्षात राहतात. मध्यरात्री पडलेल्या स्वप्नांना खरे-खोटे ठरण्याची संधी मिळत नाही, कारण सकाळपर्यंत ती शिल्लकच उरत नाहीत.

स्वप्नाच्या मध्यात उठवण्याचा पद्धतशीर प्रयोग विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. आरईएममधून १९१ वेळा उठवल्यावर १५२ वेळा स्वप्न आठवले. इतर अवस्थांमधून १६० वेळा उठवल्यावर केवळ ११ वेळा. पुढे प्रश्न निराळ्या तऱ्हेने विचारल्यावर एन-२ मधूनही विचारांचे व चित्रांचे तुकडे मिळू लागले, त्यामुळे ‘आरईएम म्हणजे स्वप्न’ हे समीकरण आता इतके सरळ मानले जात नाही. लांब, भावनांनी भरलेली, कथानक असलेली स्वप्ने मुख्यतः आरईएमची, एवढे मात्र टिकून आहे. याच प्रयोगात झोपलेल्यांना आरईएम सुरू झाल्यावर कधी पाच, तर कधी पंधरा मिनिटांनी उठवून स्वप्न किती वेळ चालू होते असे विचारले, आणि बहुतेकांनी बरोबर उत्तर दिले. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच विद्वान आल्फ्रेड मोरी यांच्या मानेवर पलंगाची दांडी पडली, तेव्हा त्यांना राज्यक्रांतीतील खटल्यापासून शिरच्छेदापर्यंतचे लांबलचक स्वप्न पडले होते. त्यावरून अख्खे स्वप्न जागे होण्याच्या एका क्षणात रचले जाते, असा तर्क बराच काळ प्रचलित होता. शिकागोच्या या मोजणीने त्याचा पाया काढून घेतला.

बाहेरचा आवाज स्वप्नात शिरतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मोबाइलचा गजर स्वप्नात एसटीच्या कंडक्टरची घंटी होतो आणि गाडी काही केल्या थांबत नाही. मोजमाप मात्र थोडे निराळे सांगते. डिमेंट आणि वोलपर्ट यांच्या १९५८ च्या प्रयोगात आरईएममधील व्यक्तींवर गार पाणी शिंपडले असता ४२ टक्के वेळा त्याचे पडसाद स्वप्नात उमटले, प्रकाशाचे २३ टक्के वेळा, आणि नुसत्या सुराचे अवघे ९ टक्के वेळा. घंटीची स्वप्ने वारंवार पडतात असे आपल्याला वाटते, ते बहुधा त्याच घंटीने आपल्याला उठवलेले असते म्हणून.

मध्येच उठलेल्या माणसाला स्वप्न ताजे असताना सविस्तर सांगता येते. पण कूस बदलली, कोणी चहाला हाक मारली, की ते काही मिनिटांत विरते. आरईएममध्ये नॉरअॅड्रेनॅलिन हे रसायन स्रवणाऱ्या मेंदूतील पेशी जवळजवळ गप्प असतात आणि घटना स्मृतीत पक्क्या करण्याची यंत्रणा त्यामुळे दुबळी राहते, हे याचे एक प्रमुख कारण मानले जाते. भावना मात्र गोष्टीपेक्षा उशिरा ओसरते. भावनांशी निगडित केंद्रे आरईएममध्ये उत्तेजित असतात आणि तर्काने भावनांना लगाम घालणारा कपाळामागील भाग मंदावलेला असतो. म्हणून भांडणाच्या स्वप्नातून उठलेला माणूस कारण विसरूनही काही वेळ रुसलेला राहू शकतो. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण दिवसाच्या काळज्यांपुरती बरीचशी खरी आहे.

स्वप्नातून उठणे आणि गाढ झोपेतून उठणे यांत व्यवहाराच्या दृष्टीने मोठा फरक आहे, आणि सातारा–सांगली भागातल्या शेतकऱ्याला तो अंगावर घ्यावा लागतो. शेतीपंपांची थ्री फेज लाईट येथे पाळीने कधी दिवसा, तर कधी रात्री येते. साडेनऊला आडवा झालेला माणूस अकरा वाजण्याच्या आत ‘लाईट आली’ म्हणून उठवला, की तो बहुधा एन-३ मधून ओढून काढलेला असतो. तो चप्पल उलटी घालतो, बॅटरी हातात असताना बॅटरी शोधतो आणि विहिरीवर जाऊन स्टार्टरसमोर क्षणभर नुसता उभा राहतो. या स्थितीला निद्राजडत्व म्हणतात. ते सहसा पंधरा ते तीस मिनिटांत उतरते, पण झोपेची थकबाकी असल्यास लांबते. तोच माणूस पहाटे चारला दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला उठला, तर स्वप्न तुटल्याची चुटपुट वाटली तरी त्याचे डोके तुलनेने लवकर चालू लागते. ओल्या जमिनीवर उभे राहून विजेच्या पेटीला हात लावायचा असेल, तर उठल्यावर पहिली पंधरा मिनिटे बांधावरच काढावीत, हे या शास्त्रातून निघणारे सर्वांत उपयोगी अनुमान म्हणावे लागेल.

सातारा जिल्ह्यातील कोयनानगरचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. घड्याळाच्या हिशेबाने हा लांब आरईएम फेऱ्यांचा आणि शरीराचे तापमान नीचांकाजवळ असण्याचा काळ होय, म्हणून हादऱ्याने उठलेल्या पुष्कळांचे स्वप्नच मध्ये तुटले असावे. आरईएममध्ये हृदयाची गती व रक्तदाब सतत वर-खाली होत असतात, आणि एकाएकी जाग येताच स्नायूंवरचा अटकाव सुटून अंगात बळ परतते.

हा अटकाव वेळेवर सुटला नाही, तर निद्रापक्षाघात होतो. मेंदू जागा झालेला असतो, डोळे उघडे असतात, छत दिसत असते, पण हात हलत नाही आणि ओरडू पाहिले तर आवाज फुटत नाही. त्यातच स्वप्नाची चित्रे उघड्या डोळ्यांपुढे चालू राहिल्याने खोलीत कोणी उभे असल्याचा भास होतो, आणि छातीवर मुंजा बसला असा त्याचा अर्थ लावला जातो. हा प्रकार काही सेकंदांत किंवा मिनिटांत आपोआप संपतो आणि एरवी निरोगी असलेल्या माणसाला तो जीवघेणा नसतो. अपुरी किंवा अनियमित झोप आणि उताणे झोपणे यांमुळे त्याची शक्यता वाढते.

लहान मुलांचे रात्री किंचाळत उठणे पुष्कळदा स्वप्नाशी जोडले जाते, पण झोपल्यानंतर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळले, आईलाही ओळखेना आणि सकाळी त्याला काहीच आठवले नाही, तर ते दुःस्वप्न नसून गाढ झोपेतील निद्राभय असते. घरोघरी अशा वेळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात. भीतीचा झटका थोड्या वेळाने स्वतःहूनच शमत असल्याने उतारा लागू पडल्यासारखा दिसतो. अशा मुलाला गदागदा हलवू नये. पडू नये एवढे पाहून पुन्हा झोपू द्यावे. झोपेत चालणाऱ्याला उठवल्यास तो दगावतो, ही समजूत खोटी आहे. तो फक्त गोंधळतो, म्हणून त्याला हाताला धरून अंथरुणाकडे वळवणे बरे.

निद्रापक्षाघाताच्या उलट प्रकारात स्नायूंचा अटकाव आरईएममध्येच नाहीसा होतो आणि माणूस स्वप्न अक्षरशः अंगाने जगू लागतो. कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. तो पन्नाशीनंतरच्या पुरुषांत अधिक आढळतो आणि त्यातील अनेकांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सनसारखा मेंदूचा विकार जडतो, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवणे आवश्यक ठरते. तक्रार सहसा रुग्ण करत नाही, तर त्याची पत्नी करते: पहाटे लाथ बसली, हलवून जागे केले, तर हे चटकन भानावर येऊन म्हणाले की उसात शिरलेले डुक्कर हाकलत होतो.