सील केलेल्या हेडलाइटमध्ये पाणी येतं कुठून?

जून लागला की कोकणातल्या जुन्या गाड्यांचे हेडलाइट आतून घामेजायला लागतात, आणि गाडी स्पोर्ट्स कार असेल तर मालकाचा जीव टांगणीला लागतो, कारण अशा गाडीचा अख्खा हेडलाइट शोधत फिरावं लागतं आणि सापडलाच तर किंमत ऐकून माणूस खाली बसतो. (कोकणात कसली आली स्पोर्ट्स कार असं म्हणणाऱ्यांसाठी, शेजारच्या गोव्यातच १९९८ पासून सॅन स्टॉर्म नावाची फायबर बॉडीची टू-सीटर बनत होती.) मग गाडी जाते गॅरेजला. मेस्त्री काचेच्या कडेने गोल सिलिकॉन फिरवतो, मागे एक छोटं भोक दिसतं तेपण बुजवतो आणि छातीठोकपणे सांगतो, "आता पाणी काय जावचा नाय." आठ दिवसांनी बघावं तर काच पुन्हा धुरकट. मेस्त्रीला शिव्या घालण्यात अर्थ नाही, कारण बऱ्याचदा ते पाणी पाणी म्हणून आत गेलेलंच नसतं, ते हवेतून गेलेलं असतं. आणि ते बाहेर पडायची जी एकुलती एक वाट होती तीच आता बंद झालीय.

हिशोब अगदी सोपा आहे. समजा हेडलाइटच्या आत पाच लिटर हवा मावते. जुलैत मालवणला २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता ही काही खास गोष्ट नाही, अशा एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाण्याची वाफ असते. आता तीच गाडी घेऊन आंबोली चढा. वर २० अंश असेल तर तिथल्या हवेला घनमीटरमागे १७ ग्रॅमच वाफ धरता येते, उरलेली सहा-साडेसहा ग्रॅम कुठेतरी बसणार, आणि ती सगळ्यात थंड जागेवर बसते, म्हणजे समोरून वारा खाणाऱ्या काचेवर. पाच लिटरच्या मापाने हे पाणी भरतं ग्रॅमच्या तीन-शतांश भागाइतकं, एका थेंबापेक्षाही कमी! तेवढ्यानेच अख्खी काच पांढरी होते, कारण ते पाणी सलग न पसरता हजारो बारीक दाण्यांत बसतं आणि प्रत्येक दाणा प्रकाश भलतीकडे फेकतो. म्हणजे धुकं दिसलं म्हणून आत बादलीभर पाणी शिरलंय असं अजिबात नाही.

घाटाची अजून एक गंमत आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंच, तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण आठ टक्के कमी असतो, म्हणून चढताना दिव्यातली थोडी हवा बाहेर पडते आणि सावंतवाडीकडे उतरताना तेवढीच परत आत खेचली जाते, आणि बाहेर धो-धो पाऊस असताना तिथली हवा कसली असेल ते सांगायला नकोच. घाट नसला तरी हे चालूच असतं. दिवा लावला, आतली हवा ३० वरून ६० अंशावर गेली की ती दहा टक्के फुगते, बंद केला की आकसते. ही हवा आपण पूर्ण कोंडली तर दाब वाढणार, आणि दहा टक्के वाढ म्हणजे अर्धा मीटर लांब, वीस सेंटिमीटर उंच काचेवर आतून शंभर किलोच्या आसपास जोर. रोज रात्री असा जोर लावा, सोडा, पुन्हा लावा, मग जगातला कुठलाही सील कुठेतरी सुटणारच. आणि एकदा तिथे केसाएवढी फट पडली की गरम दिवा डबक्यातून गेल्यावर झटकन थंड होतो आणि त्या फटीतून चक्क पाणीच ओढून घेतो.

म्हणून कंपनी मुद्दाम भोकं ठेवते. व्हेंट म्हणतात त्याला. जुन्या गाड्यांत ही रबराची वाकडी नळी असते तोंड खाली केलेली, कधी आत फोमचा तुकडा, आणि नव्यांत गोल टिकलीसारखा पांढरा पडदा, जो ताणलेल्या पीटीएफईचा असतो म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं त्याच घराण्यातलं प्लास्टिक. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याच्या थेंबाला पृष्ठताणामुळे आत शिरता येत नाही पण वाफेचे सुटे रेणू आरामात ये-जा करतात. कोकणात ही टिकली लाल चिखल, मीठ आणि धुळीने बुजते आणि नळीत तर कुंभारीण माशी घर करते (हे अगदी कॉमन आहे, एकदा बघाच). बरेच "लीक" खरंतर इथेच संपतात. नळी साफ करा, टिकली बदला, दिवा अर्धा तास चालू ठेवा, झालं.

खरा लीक वेगळा ओळखू येतो. पातळ धुकं येतं आणि दिवा लावल्यावर जातं, ते व्हेंटचं काम. पण काचेच्या तळाला पाण्याची रेघ साचलीय, गाडी वळताना ती हलतेय किंवा आत हिरवट डाग पडलेत, तर सील गेलाय किंवा बल्बमागचं रबर बूट (रबरी टोपण) फाटलंय किंवा काचेला चीर आहे. तेव्हाच उघडायचं.

उघडायच्या आधी काच कशाने चिकटवलीय ते बघावं लागतं आणि इथे खरी केमिस्ट्री आहे. जपानी गाड्यांत बहुतेक वेळा ब्यूटाइल असतं, काळं, चिकट, बोटाला लागलं तर दिवसभर जात नाही असं. हे ब्यूटाइल रबर म्हणजे टायरच्या ट्यूबमध्ये वापरतात तेच, त्याच्या साखळ्या इतक्या दाटीने बसतात की हवा आणि वाफ त्यातून मोठ्या मुश्किलीने जाते. शिवाय या सीलमधलं ब्यूटाइल कधी पूर्ण पक्कं होत नाही, गरम केलं की परत मऊ. बऱ्याच युरोपियन गाड्यांत मात्र पॉलियुरेथेनचा सील असतो, त्याच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधलेल्या, कितीही गरम करा तो वितळत नाही, ब्लेडने किंवा कटरनेच कापावा लागतो आणि त्यात काचेची कड तुटायची पूर्ण शक्यता. अशी गाडी असेल तर मी म्हणेन हात लावू नका, अनुभवी माणसाकडे द्या.

आणि आता आपलं लाडकं सिलिकॉन. ते पाण्याच्या थेंबाला अडवतं हे खरं, पण पाण्याच्या वाफेला सिलिकॉन रबर जेवढं सहज आरपार जाऊ देतं तेवढं फार थोडी रबरं देतात. म्हणजे आपल्या दमट हवेत ते या कामाला तसं उलटंच. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ना, ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, आणि बंद दिव्यात ते ॲसिड जाऊन बसतं रिफ्लेक्टरवर, म्हणजे बल्बमागच्या आरशासारख्या वाटीवर. रिफ्लेक्टरची चकाकी म्हणजे ॲल्युमिनियमचा थर, जाडी मिलिमीटरचा जेमतेम दहा-हजारावा भाग, त्याला काळे डाग पडायला वेळ लागत नाही. वर सिलिकॉनचा पातळ अंश प्लास्टिकवर राहिला की पुढे त्याच्यावर दुसरं काहीच चिकटत नाही, ब्यूटाइलसुद्धा नाही.

मालवणच्या एका मित्राच्या पंधरा वर्षं जुन्या जपानी टू-सीटरचा दिवा उघडताना बघितला होता. किचनच्या ओटीजीत तो मावेना म्हणून फ्रिजच्या खोक्याला भोक पाडून त्यात हीट गन (कडक गरम हवा फेकणारं यंत्र) लावली होती आणि आत थर्मामीटर लटकवलेला. ९० ते १०० अंश, दहाएक मिनिटं. हा आकडा उगाच नाही, काच म्हणतो ती खरं तर पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची असते, ती १४७ अंशाच्या आसपास मऊ पडते, मागची काळी बॉडी पॉलिप्रॉपिलीनची ती १६५ च्या आसपास वितळते पण त्याच्या बरीच आधी वाकडी व्हायला लागते, आणि ब्यूटाइल शंभरच्या आतच ढिलं होतं, म्हणजे काम करायला मधे छान जागा आहे पण हीट गन एकाच ठिकाणी धरली तर ती जागा संपते. सगळे स्क्रू आणि क्लिपा आधी काढलेल्या. मग एका कोपऱ्यात चपटा पेचकस घालून हळूहळू ओढलं तेव्हा काच आणि बॉडीच्या मधे काळ्या तारा लांबत गेल्या, जाड मग बारीक मग दोऱ्यासारख्या, आणि त्या लगेच कापल्या नाहीत तर वाऱ्याने जाऊन थेट रिफ्लेक्टरला चिकटतात. तिथे चिकटल्या तर फडक्याने पुसायचं नाही, थर निघून येतो. फुंकणी पंपने धूळ उडवायची, बस्स.

परत बंद करताना जुनं ब्यूटाइल खाचेतून खरवडून काढायचं आणि नवी पट्टी सलग बसवायची, जोड खालच्या बाजूला ठेवायचा नाही. पॉलिप्रॉपिलीनला सहसा काहीच नीट चिकटत नाही, त्याची पृष्ठऊर्जाच कमी, म्हणून कारखान्यात ज्योत किंवा प्लाझ्मा फिरवून ते तयार करतात. घरी ते जमत नाही, तेव्हा खाचेत जुन्या ब्यूटाइलचा पातळ थर राहिला तर तो चांगलाच, मात्र खाच कोरडी हवी. हे काम शक्यतो डिसेंबर-जानेवारीत करा. पावसाळ्यात प्लास्टिकवरच ओलाव्याचा पापुद्रा असतो आणि ब्यूटाइल त्याच्यावर बसतं, प्लास्टिकवर नाही. आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचा सल्ला बरेच जण देतात, पण व्हेंटमधून हवा बदलत राहते, पुडी थोड्या दिवसांत भरते आणि मग दिवा तापला की बरंचसं पाणी परत सोडते. टाकू नका.

दिवा उघडलाच आहे तर पिवळी काचपण बघून घ्यावी. पॉलिकार्बोनेट उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतं आणि जे नवे रेणू बनतात ते निळा प्रकाश गिळतात म्हणून आपल्याला पिवळं दिसतं. कंपनी वरून एक कडक कोटिंग देते, ते गेलं की खेळ सुरू. टूथपेस्टने घासलं की काच चकाचक होते हे खोटं नाही, पण ती फक्त घासायची पावडर आहे, संरक्षण शून्य, काही महिन्यांत पुन्हा पिवळी. ८०० पासून ३००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर पाण्यात भिजवून मारा आणि वरून यूव्ही क्लिअर कोट. कोट नसेल तर एवढी मेहनत फुकट.

आता अपग्रेड. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता एलईडी बल्ब ठोकणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट उपाय. रिफ्लेक्टरचा आकार काही मिलिमीटर लांबीच्या फिलामेंटसाठी कोरलेला असतो, प्रकाश एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे सरकला तरी समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि आपल्या रस्त्यावर काळोख राहतो. प्रोजेक्टर बरा, त्यात एक पत्रा प्रकाशाचा वरचा भाग कापतो आणि भिंग त्याची कडक रेघ रस्त्यावर टाकतं, अप्पर-डिप्परला तोच पत्रा हलतो. जुन्या झेनॉन (फिलामेंटऐवजी वायूत ठिणगी पाडून पेटणारा दिवा) गाडीत बल्ब नवा टाकूनही उजेड कमी वाटत असेल तर प्रोजेक्टरची आतली वाटी बघा, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती धुरकट झालेली असते. मात्र झेनॉनला हात लावण्याआधी बॅटरी काढा, तो पेटताना वीस हजार व्होल्टच्या वर झटका देतो.

एलईडी प्रोजेक्टर बसवल्यावर एक तक्रार हमखास येते की आधी धुकं नव्हतं, आता आहे. सील तोच, मग काय बदललं? हॅलोजनचा ५५ वॉटचा बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवतो आणि ती समोर काचेवर फेकतो, म्हणजे तो फुकटचा हीटर होता. एलईडीची उष्णता मागे हीटसिंकमध्ये (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यात) जाते, काच थंडच राहते, धुकं सुकतच नाही. म्हणून एलईडी लावणाऱ्याने तर व्हेंट आधी बघावा.

हॅलोजनच ठेवायचा असेल तर वायरिंग बघा. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घातात बदलतो, म्हणजे जुन्या वायरीत दहा टक्के व्होल्ट गळले की उजेड पाव भागाहून जास्त कमी होतो. आणि आपल्याकडे व्होल्ट गळतातच, कारण मीठ. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढून विरघळायला लागतं, म्हणून तर पावसात मिठाची बरणी पाझरते, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडपण असतं आणि ते ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. थोडक्यात किनाऱ्यावरच्या गाडीच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर) बसलेलं मीठ बाराही महिने ओलं, आणि ओलं मीठ म्हणजे तांब्याला गंज. कपलर साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा, बॅटरीपासून रिलेने (छोट्या करंटवर चालणारं मोठ्या करंटचं बटण) थेट जाड वायर ओढा, बऱ्याच वेळा एवढ्यावरच लोकांना नवीन बल्ब टाकल्यासारखं वाटतं.

शेवटी एमिंग, म्हणजे दिव्याचा झोत नीट उंचीला लावणं, जे कोणीच करत नाही. गाडी सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर लावा, डिपरची रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली यायला हवी. ओल्या डांबरावर प्रकाश आरशासारखा पुढे निसटतो, परत डोळ्यांकडे येतच नाही, म्हणून पावसात रस्ता काळा दिसतो आणि माणूस दिवे वर करतो, त्याने रस्ता काही दिसत नाही, समोरच्या एसटीचा ड्रायव्हर तेवढा आंधळा होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, तेव्हा पासिंगच्या वेळी प्रश्न येऊ शकतो हेपण धरून चाला. आणि प्रोजेक्टर बाहेरून मागवत असाल तर एक गोष्ट नक्की विचारा. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डिपरची रेघ डाव्या बाजूला वर चढायला हवी. अमेरिकेच्या किंवा बहुतेक युरोपच्या गाडीतून काढलेला प्रोजेक्टर ती उजवीकडे चढवतो, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर, आणि तो कितीही नीट सील केला, कितीही एम केला तरी ते बदलत नाही.