हेनेराल लुना (चित्रपट)

हेनेराल लुना (हेनेराल म्हणजे जनरल) हा २०१५ साली आलेला फिलिपिनो युद्धपट आहे, दिग्दर्शक जेरोल्ड तारोग, भाषा मुख्यतः टागालोग, मधेमधे स्पॅनिश आणि इंग्रजी. फिलिपिनो-अमेरिकन युद्धात क्रांतिकारी सैन्याचं नेतृत्व करणारा जनरल अंतोनियो लुना याच्या आयुष्यातले शेवटचे काही महिने यात दाखवलेत. ऐतिहासिक सिनेमात शत्रू बाहेरचा आणि नायक निष्कलंक असं साधारण ठरलेलं असतं, इथे मात्र लुनाला मारणारे त्याच्याच देशाचे, त्याच्याच सैन्यातले लोक आहेत आणि सिनेमा ही गोष्ट कुठेही सौम्य करत नाही. तिथल्या तरुण मुलांना हा पिक्चर इतका लागला त्याचं खरं कारण हेच आहे.

आधी इतिहास थोडक्यात बघू, कारण सिनेमा थेट युद्धाच्या तोंडावरच सुरू होतो. फिलिपिन्सवर तीनशेहून जास्त वर्षं स्पेनचं राज्य होतं. १८९६ ला उठाव झाला, जून १८९८ मध्ये क्रांतीचा नेता एमिलियो आगिनाल्दोने स्वातंत्र्य जाहीर केलं, पण डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहात स्पेनने हा सगळा देश २ कोटी डॉलरला अमेरिकेला देऊन टाकला आणि हे ठरवताना फिलिपिनो लोकांना कुणी विचारलंसुद्धा नाही. ४ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री मनिलाजवळ गोळीबार झाला आणि कालपर्यंत मित्र म्हणवणाऱ्या अमेरिकेशी युद्ध पेटलं.

लुना मुळात सैनिक नव्हताच. १८६६ मध्ये मनिलाच्या बिनोन्दो भागात जन्म, स्पेनमध्ये फार्मसी शिकून डॉक्टरेट, मलेरियावर अभ्यास, शिवाय टागा-इलोग या टोपणनावाने लिखाण. १८९६ च्या उठावात तो सामील झाला नव्हता, तरी पकडला गेला आणि स्पेनच्या तुरुंगात पडला. सुटल्यावर त्याने युद्धशास्त्राचा अभ्यास केला, १८९८ मध्ये परत आला, ला इंदिपेंदेन्सिया नावाचं वर्तमानपत्र काढलं आणि अधिकाऱ्यांना ट्रेनिंग द्यायला मालोलोसला लष्करी अकादमी उभी केली. खंदकांची साखळी खणायची, मागे हटत हटत शेवटी उत्तरेच्या डोंगरात तळ करायचा आणि तिथून गनिमी काव्याने लढायचं, असा त्याचा एकूण प्लॅन होता. पण त्याच्या हाताखालचे बरेच कमांडर आपापल्या प्रांताचे, आपापल्या माणसांचे, केंद्राचा हुकूम मानायची सवयच नाही. म्हणून त्याने कडक नियम काढला की हुकूम मोडणाऱ्याला चौकशी न करता गोळी घालायची, हाच तो कलम एक, आर्तिकुलो उनो. सिनेमा बनवणाऱ्या कंपनीचं नावही हेच आहे.

तारोगच्या डोक्यात लुनावर सिनेमा करायचं बरीच वर्षं होतं. हेन्री फ्रान्सिया आणि ई. ए. रोचा यांनी आधीच एक मोठी इंग्रजी पटकथा लिहून ठेवली होती, ती त्याच्या हाती आली, मग त्याने ती कापून, बदलून टागालोगमध्ये आणली. एडिटिंग आणि संगीतही त्याचंच. सुरुवातीलाच पडद्यावर स्पष्ट सांगितलंय की यात खरं आणि कल्पित मिसळलेलं आहे. लुनाची मुलाखत घेणारा तरुण पत्रकार होवेन काल्पनिक आहे, प्रेयसी इसाबेल पण काल्पनिक. हे आधीच सांगून टाकलं ते बरं केलं, कारण मग बघणारा दोन गोष्टींवर लक्ष देतो, मंत्रिमंडळाची खोली आणि रणांगण, आणि खरी लढाई यातल्या पहिल्या ठिकाणी चाललेली दिसते.

त्या खोलीत दोन गट आहेत. पेद्रो पातेर्नो आणि फेलिपे बुएनकामिनो यांचं म्हणणं की अमेरिकेशी जुळवून घ्या, स्वायत्तता घ्या, व्यापार सुरू राहू दे. लुना आणि पंतप्रधान आपोलिनारियो माबिनी यांना पूर्ण स्वातंत्र्याशिवाय काही नको. मधे राष्ट्राध्यक्ष आगिनाल्दो, शांत, कमी बोलणारा, सगळ्यांचं ऐकून घेणारा, आणि मोन कोन्फियादोने हा माणूस असा केलाय की शेवटपर्यंत त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. जॉन आर्सिल्याचा लुना याच्या अगदी उलट. ओरडतो, शिव्या देतो, खंदकातून उठून घोड्यावर बसतो आणि एकटाच अमेरिकन गोळ्यांच्या दिशेने सुटतो, बघून थिएटरात हसूही येतं आणि धडधडही होते.

पण सिनेमाने लुनाला पण सोडलेलं नाही, आणि मला वाटतं इथेच तो साध्या देशभक्तीच्या पिक्चरपेक्षा वर जातो. एप्रिल १८९९ मध्ये जनरल तोमास मास्कार्दोने कुमक पाठवायला नकार दिला तेव्हा लुना चिडून कालुम्पितची आघाडी अर्धवट सोडून, सैन्य घेऊन त्याला धडा शिकवायला निघाला, आणि नेमकं तेव्हाच अमेरिकनांनी बागबाग नदीवरची फळी फोडली. शिस्त आणायला निघालेल्या माणसाच्या रागामुळे आघाडी गेली, हे सिनेमा झाकत नाही. बुएनकामिनोला भर बैठकीत मारलेली थोबाडीत पण आहे. प्रत्येक वेळी लुनाचं म्हणणं बरोबर असतं आणि प्रत्येक वेळी तो आणखी एक शत्रू करून ठेवतो.

मधे एक फ्लॅशबॅक आहे, आई आणि मुलगा बोलत बसलेत, तिथून कॅमेरा न थांबता लहानपण, स्पेनमधले दिवस, फिलिपिन्सचा राष्ट्रनायक होसे रिझालचा मृत्युदंड असा फिरत जातो, रंगमंचावर सेट बदलावेत तसा, आणि परत आईजवळ येतो. कट दिसत नाही. एवढ्या आरडाओरड्याच्या सिनेमात ही काही मिनिटं एकदम वेगळी लागतात आणि या माणसाकडे गमावण्यासारखं काय काय होतं ते तिथे समजतं.

खून काबानातुआनला, ५ जून १८९९ रोजी. आगिनाल्दोच्या नावाने तार आली म्हणून लुना थोड्याच माणसांना घेऊन तिथल्या चर्चच्या आवारातल्या मुख्यालयात गेला. वर गेला तर आगिनाल्दो नाहीच, समोर बुएनकामिनो. भांडण चालू असताना खाली गोळीचा आवाज झाला, लुना धावत उतरला आणि कॅप्टन पेद्रो हानोलिनोने त्याच्या डोक्यावर बोलोचा म्हणजे तिथल्या कोयत्याचा वार केला. हानोलिनोची तुकडी कावितची, कावित आगिनाल्दोचं गाव, आणि याच तुकडीने हुकूम मानला नाही म्हणून फेब्रुवारीत लुनाने तिची हत्यारं काढून घेतली होती. सिनेमात हा प्रसंग लांब चालतो, फार लांब. वार बसतायत, गोळ्या लागतायत, लुना पिस्तूल रोखून चौकात येतो, पडत नाही. वाचवायला धावलेला कर्नल पाको रोमान मारला जातो, कॅप्टन रुस्का जखमी होतो. लुनाचं वय तेव्हा ३२.

मग दोघांचे मृतदेह ओढून नेतात ती फ्रेम. हुआन लुना हा प्रसिद्ध चित्रकार अंतोनियोचा सख्खा भाऊ, त्याच्या स्पोलियारियम या चित्राला १८८४ मध्ये माद्रिदच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं होतं. त्यात रोमन आखाड्यात मेलेल्या ग्लॅडिएटरांची प्रेतं फरफटत नेताना दाखवलीत आणि आज ते मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तारोगने सैनिकांची जागा, वाकलेली शरीरं, रक्ताचा पट्टा सगळं त्या चित्रासारखं मांडलंय. फिलिपिनो माणसाने हे चित्र शाळेच्या पुस्तकात बघितलेलं असतं, त्यामुळे त्याला ते लगेच ओळखू येतं. या खुनासाठी कुणालाही कधी शिक्षा झाली नाही.

रिलीज ९ सप्टेंबर २०१५ ला. सुरुवातीला शंभरच्या आसपास थिएटर मिळाली, दुसऱ्या आठवड्यात ती चाळीसच्या घरात आली, आणि तिथे संपलं असतं. पण ज्यांनी बघितला त्यांनी सोशल मीडियावर थिएटरवाल्यांच्या मागे लागून सिनेमा काढू नका म्हणून आवाज उठवला, विद्यार्थ्यांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली, शिक्षक वर्गच्या वर्ग घेऊन गेले आणि थिएटरं परत शंभरावर गेली. खर्च साधारण ८ कोटी पेसो, कमाई २५ कोटी पेसोंच्या वर, आणि तीही स्टार जोडी किंवा लव्हस्टोरी नसताना. त्या वर्षी ऑस्करसाठी फिलिपिन्सने हाच सिनेमा पाठवला, नामांकन मिळालं नाही.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. माबिनीचं काम करणाऱ्या एपी किझोनला काही विद्यार्थ्यांनी विचारलं की तुम्ही सिनेमाभर बसूनच का आहात. माबिनीचे पाय १८९६ पासून लुळे होते, पहिला पंतप्रधान म्हणून त्याने सगळा कारभार खुर्चीवरून केला, आणि हेच मुलांना माहीत नव्हतं. देशभर त्याची चर्चा झाली, शाळेत इतिहास कसा शिकवतात यावर लेख आले. सिनेमाने जी कामं केली त्यात हे मी फार वरचं मानतो.

क्रेडिट्सच्या मधे तरुण जनरल ग्रेगोरियो देल पिलार दिसतो, पाओलो आवेलिनो. त्याच्यावरचा दुसरा भाग गोयो २०१८ मध्ये आला, तो तिराद खिंडीच्या लढाईपर्यंत जातो, २ डिसेंबर १८९९. तिसरा केझोन, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मानुएल केझोनवरचा, २०२५ चा, युद्ध सोडून अमेरिकन राजवटीतल्या निवडणुकांच्या राजकारणात शिरतो. आर्सिल्याला पुढे २०२१ मध्ये वेगळ्या सिनेमासाठी व्हेनिसमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा व्होल्पी कप मिळाला, तरी त्याच्या देशात लोक त्याला अजून हेनेराल म्हणूनच ओळखतात.