आनुवंशिकता आणि परिस्थिती

माणसाची बुद्धी, स्वभाव, आरोग्य आणि एकंदर वाटचाल यांत उपजत काय आणि संगोपन, संगत, शिक्षण व आहार यांतून आलेले काय, याविषयीचा जुना वाद. मराठी म्हणी दोन्ही बाजूंनी साक्ष देतात. ‘खाण तशी माती’ म्हणताना सारे श्रेय कुळाला जाते. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण मात्र अधिक चाणाक्ष, कारण कोणती गोष्ट संगतीने बदलते आणि कोणती नाही, हे ती वेगळे काढते.

सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी मनाला कोऱ्या कागदाची उपमा दिली. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांचा कल नेमका उलट, म्हणजे उपजत गुणांकडे होता. १८७४ मध्ये त्यांनी ‘निसर्ग’ आणि ‘संगोपन’ ही शब्दांची जोडी रूढ केली, पुढच्याच वर्षी जुळ्या भावंडांच्या तुलनेकडे लक्ष वेधले आणि १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला, म्हणजे कुणाला मुले व्हावीत हे ठरवून वंश ‘सुधारण्याच्या’ विचाराला, नाव दिले. त्या विचाराची परिणती पुढे अनेक देशांत सक्तीच्या नसबंदीत झाली. जर्मनीत १९३३ मध्ये तसा कायदाच आला. दुसऱ्या टोकाला वर्तनवादी, म्हणजे वागणूक ही शिकवणुकीतून घडते असे मानणारे, मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन होते. डझनभर निरोगी बाळे द्या, त्यांतल्या कुणालाही डॉक्टर, वकील किंवा चोर बनवून दाखवतो, असा त्यांचा दावा होता. आपण पुराव्याच्या पुढे जात आहोत, अशी कबुलीही त्यांनी तिथेच दिली होती. ती सहसा कुणी उद्धृत करत नाही.

एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळपास सारखीच असतात, साध्या जुळ्यांची इतर भावंडांइतकीच; या दोन्हींमधील साम्याची तुलना करून ‘आनुवंशिकता गुणांक’ काढतात. २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्यांवरील संशोधन एकत्र केले असता सर्व गुणधर्मांची सरासरी ४९ टक्के निघाली. या आकड्याचा अर्थ हमखास चुकीचा लावला जातो. एखाद्याचा निम्मा स्वभाव आईवडिलांकडून आला, असे तो सांगत नाही. एका लोकसमूहातील माणसामाणसांमधल्या फरकांपैकी किती फरक जनुकांतील फरकांशी निगडित आहेत, एवढेच तो सांगतो. हाताला पाच बोटे असणे ही जनुकांचीच करणी. पण बोटांच्या संख्येतले फरक बरेचसे अपघातांमुळे पडत असल्याने तिथे हा गुणांक अगदी कमी येतो. शिवाय परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. सर्वांना पोटभर अन्न मिळणाऱ्या समाजात उंचीचा गुणांक सुमारे ८० टक्के असतो. जिथे काही मुले उपाशी वाढतात, तिथे तो घटू शकतो.

फेनिलकीटोन्यूरिया हा आजार या वादाची उत्तम परीक्षा घेतो. एका जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या की फेनिलअॅलनिन हे अमिनो आम्ल (अन्नातील प्रथिनांचा एक घटक) शरीरात नीट पचत नाही, ते रक्तात साठते आणि मेंदूची वाढ खुंटते. आजार पूर्णपणे आनुवंशिक. तरी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून जन्मानंतर लगेच निदान झाले आणि हे आम्ल अत्यल्प असलेला आहार सुरू केला, तर मुलाची बुद्धी सर्वसाधारणपणे वाढते. आता इथे टक्के कुणाला द्यायचे? आयत हा लांबीमुळे मोठा की रुंदीमुळे, असा प्रतिप्रश्न मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी केला होता, तो याच धर्तीचा.

मूल आपली परिस्थिती काही अंशी स्वतःही घडवते. बडबड्या मुलाशी मोठी माणसे जास्त बोलतात; वाचनवेडे मूल पुस्तकांपर्यंत आपणहून पोहोचते. बुद्धिमत्तेचा आनुवंशिकता गुणांक बालपणापेक्षा प्रौढपणी जास्त आढळतो, त्याचे एक स्पष्टीकरण हेच देतात: वय वाढते, तशी आपल्या कलाप्रमाणे परिसर निवडण्याची मुभाही वाढते.