आपला उतारा आणि नाशिकचा सातबारा

दिवाळी झाल्यावर भाच्याने नाशिकहून व्हॉट्सॲपवर एका सातबाऱ्याचा फोटो पाठवला. खाली दोनच ओळी: "मामा, उतारा क्लिअर आहे. मालकाचंच नाव आहे. इसार देऊ काय?" इसार म्हणजे सौदा पक्का करायला आधी द्यायची रक्कम. तो अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षबागांच्या मधोमध दहा गुंठ्यांचा प्लॉट त्याने बघून ठेवला होता. सूनबाईलाही जागा आवडली होती. संध्याकाळी लांबवर वायनरीचे दिवे दिसतात म्हणे.

मी बेळगावात दस्त लिहिण्याचं काम करतो, त्यामुळे नातेवाइकांचे असे फोटो मला येतच असतात. पण त्याने सातबाऱ्याला 'उतारा' म्हटलं आणि तिथेच मला काळजी वाटली. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा माणूस नाशिकला, पुण्याला किंवा कोल्हापूरला घर घ्यायला गेला की हाच घोळ करतो. आपल्याकडच्या आरटीसीला, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या नोंदीच्या कागदाला, आपण उतारा म्हणतो, तिकडच्या सातबाऱ्यालाही उताराच म्हणतो, आणि दोन्ही एकच समजून वाचतो.

एकच वाटण्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यातच होतं, आणि दोन्हीकडच्या महसुलाचा पाया १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याचा. आकारबंद, टिपण, हिस्सा, खराबा हे शब्द आजही दोन्हीकडे चालतात. आपल्याकडे प्लॉट पडले की सगळे विचारतात, "केजेपी झाली काय?" ही केजेपी म्हणजे आपलं मराठी कमी-जास्त पत्रक, जमिनीचे भाग पडल्यावर क्षेत्रातला बदल नोंदणारा कागद. नाशिकच्या भूमी अभिलेख कार्यालयात त्याच कागदाला कजाप म्हणतात. कन्नड कागदावर आपला मराठी शब्द इंग्रजी आद्याक्षरांच्या वेशात अजून टिकून आहे, याचं मला दर वेळी बरं वाटतं. पण १९५६ नंतर वाटा वेगळ्या झाल्या. कर्नाटकाने १९६४ चा जमीन महसूल कायदा केला, महाराष्ट्राने १९६६ ची जमीन महसूल संहिता. शब्द तेच राहिले, त्यामागचे नियम बदलले.

आधी कागदाची मांडणी बघू. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एका पानावर: सातात हक्क, बारात पीक. नाव कशामुळे चढलं ते बघायला नमुना सहाचा फेरफार काढायचा आणि एका माणसाची गावातली सगळी जमीन बघायला आठ-अ. आपल्या आरटीसीत हक्क, कूळ आणि पीक एकाच तक्त्यात असतात. नवव्या रकान्यात मालकाचं नाव, दहाव्यात ते कसं आलं त्याचा नंबर, अकराव्यात बोजा आणि इतर हक्क. आमच्या कामातली माणसं मालकाचं नाव वाचण्याआधी अकरावा रकाना वाचतात. तेच काम सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' हा रकाना करतो. भाच्याने नाव बघितलं होतं, हा रकाना बघितलाच नव्हता. तिथे सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा होता.

मोजमापातही फसगत होते. आरटीसीवर क्षेत्र एकर, गुंठे, आणे असं असतं, सातबाऱ्यावर हेक्टर, आर, चौरस मीटर. आपल्या डोळ्याला ०-२० म्हणजे वीस गुंठे. सातबाऱ्यावरचे ०.२० म्हणजे वीस आर. एक गुंठा १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. एक आर बरोबर १०० चौरस मीटर. वीस आरांत आणि वीस गुंठ्यांत सुमारे अडीचशे चौरस फुटांचा फरक पडतो. शेतात तो कुणाच्या लक्षात येत नाही, पण घराच्या जागेचा दर फुटावर ठरतो, आणि अडीचशे फूट म्हणजे दोन खोल्या.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं काढून टाकली. त्यामुळे शेतकरी नसलेला माणूसही कर्नाटकात रान, म्हणजे शेतजमीन, विकत घेऊ शकतो. अथणीकडची द्राक्षाची बाग बेळगावच्या डॉक्टरने घेतली तर आज त्यात बेकायदा काही नाही. महाराष्ट्रात तसं नाही. तिथे कूळकायद्याचं कलम ६३ अजून उभं आहे, आणि बिगरशेतकऱ्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आपल्याकडची बातमी वाचून "आता कुणीही रान घेऊ शकतो" असं धरून तिकडे इसार दिला, तर तो अडकलाच म्हणायचा. गावाकडे वडिलांच्या नावाचा उतारा असेल, तरी शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून तो तिथे चालतो का, हे आधी नाशिकच्या वकिलाकडून लेखी घ्यावं.

म्हणून पहिला प्रश्न असा, की जागा शेतीची आहे की बिनशेती? दलाल म्हणाला होता, "एनए होणारच आहे." होणार आणि झाली यांत फार अंतर असतं. ते ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही, सातबाराच सांगतो. बिनशेती झालेल्या जागेच्या नव्या सातबाऱ्यावर बाराव्या नमुन्याची गरज नाही अशी सूचना छापलेली असते, आणि क्षेत्र हेक्टरात न देता आर आणि चौरस मीटरमध्ये दिलेलं असतं. भाच्याच्या फोटोत खाली बारावा नमुना पूर्ण भरलेला होता, आणि पिकाच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं: द्राक्षे. म्हणजे ते रानच होतं, आणि रानातले दहा गुंठे काढून घ्यायचे तर १९४७ चा तुकडेबंदीचा कायदाही आडवा येऊ शकतो. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "पण मामा, तिथं तारेचं कुंपण आहे, गेट आहे, रस्ता आहे." असतील. गेट कुणीही बसवतं.

सातबाऱ्याच्या वरच्या भागात 'भोगवटादार वर्ग' असा एक शब्द असतो. आरटीसीत तो नसल्यामुळे आपल्या माणसाची नजर त्यावरून सरळ घसरते. वर्ग एक म्हणजे मालक जमीन सहसा मोकळेपणाने विकू शकतो. वर्ग दोन म्हणजे सरकारी अटींची जमीन, विकायला कलेक्टरची परवानगी लागते. आपल्याकडे अशा अटी अकराव्या रकान्यात आणि मूळ मंजुरीच्या कागदात शोधाव्या लागतात. अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनीला तर १९७८ चा वेगळा कायदा आहे. ती घेतली, तर पुढे जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाऊ शकते, आणि जावीही, कारण तो कायदा त्यांच्या रक्षणासाठीच केलेला आहे.

दोन्ही कागदांत एक गोष्ट मात्र तंतोतंत सारखी आहे. उतारा असो की सातबारा, त्यावर नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे. कर्नाटकाच्या कायद्याचं कलम १३३ आणि महाराष्ट्राच्या संहितेचं कलम १५७ दोन्ही एवढंच सांगतात की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरायची. मालकी येते ती खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, वारसा यांतून. आमच्या गल्लीत एका घरात तीन भावांपैकी थोरल्याचं एकट्याचं नाव वर्षानुवर्षं उताऱ्यावर होतं. त्याने विकायला काढलं, घेणाऱ्याने नाव बघून इसार दिला, आणि धाकट्या बहिणीने कोर्टात जाऊन तो व्यवहार थांबवला. तिचा हक्क खराच होता.

बोजा शोधायची रीतही वेगळी आहे. आपल्याकडे सब-रजिस्ट्रारची ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, काढली की इतक्या वर्षांतल्या नोंदलेल्या व्यवहारांची यादी हातात येते. नाशिकला ईसी मागितली तर समोरचा बघत राहील. तिथे वकील इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची सूची, बघून सहसा तीस वर्षांचा सर्च घेतो आणि रिपोर्ट देतो. त्याची फी वाचवू नका.

शहरातल्या घराचा मामला आणखी निराळा. बेळगावात महापालिकेच्या घराच्या कागदालाही आपण उताराच म्हणतो. तो आरटीसी नसतो, तो खाता असतो. हल्ली ई-खाता लागतो, आणि त्यात ए की बी हे बघावं लागतं: ए म्हणजे मंजूर लेआउटमधली मिळकत, बी म्हणजे मंजुरीशिवाय उभी राहिलेली. नाशिकात सिटी सर्व्हे झालेल्या भागात मिळकत पत्रिका असते. फ्लॅट घेतला तर तुमचं नाव सातबाऱ्यावर येतच नाही, तिथे इंडेक्स टू आणि अपार्टमेंटचं डीड किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हेच तुमचे कागद. "सातबाऱ्यावर नाव चढवून द्या" म्हणून बिल्डरशी भांडणारे आपल्याकडचे लोक मी बघितलेत.

भाच्याने तो प्लॉट सोडला. वाईट त्यालाही वाटलं, मलाही वाटलं, जागा खरंच सुंदर होती. पण बागेशेजारी राहणं म्हणजे नुसते दिवे बघणं नव्हे. ऑक्टोबरची छाटणी झाली की पहाटेपासून ब्लोअरचे ट्रॅक्टर फवारणीला निघतात आणि औषधाचा वास खिडकीतून आत येतो. अथणीत माझ्या बहिणीच्या घरी हे मी जवळून अनुभवलंय. घरात लहान मूल असेल तर याचाही विचार करावा.

मार्चमध्ये त्याने पुन्हा फोटो पाठवला. या वेळी शहरातला दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि त्याच्या इमारतीखालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बारावा नमुना नव्हता. खाली लिहिलं होतं: "मामा, वर्ग एक. इतर अधिकारात बँकेचा बोजा दिसतोय, बिल्डरचा असणार. महारेराच्या साइटवर पण तोच दाखवलाय. बँकेची एनओसी मागितली आहे, ती आल्याशिवाय इसार देत नाही."

मी त्याला एवढंच कळवलं, की एनओसीवर फ्लॅटचा नंबर घालून घे.