सुशेगाद मोजायचे कशाने?

गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावर पोचता पोचता फेरीबोट डोळ्यांदेखत सुटते आणि आपण चिडतो. ही भावना. ती कशामुळे आली ते सांगता येते आणि पुढची फेरी मिळेपर्यंत ती बहुधा निवळते. सकाळपासून सगळेच जड वाटते, कारण विचारले तर एकावर बोट ठेवता येत नाही, तासन्‌तास ते सरत नाही, तो मूड. सीमारेषा पक्की नाही, पण मूड मोजायची प्रश्नावली लिहिणाऱ्याला ती कुठेतरी ओढावीच लागते.

मूड मोजण्यासाठी ‘पॅनास’ ही श्रेणी फार वापरली जाते. वॉटसन, क्लार्क आणि टेलेगेन या मानसशास्त्रज्ञांनी ती 1988 मध्ये मांडली. सुखद 10 आणि दुःखद 10 असे एकूण 20 शब्द, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. दोन्ही बेरजा 10 ते 50 च्या दरम्यान येतात आणि त्या वेगळ्याच ठेवायच्या. एकातून दुसरी वजा केली, तर उत्साह आणि धास्ती दोन्ही भरपूर असलेला परीक्षार्थी आणि दोन्ही नसलेला माणूस एकाच आकड्यावर येतात.

या यादीत ‘आनंदी’ नाही, ‘शांत’ही नाही. सुखद बाजूचे शब्द उत्साह, जोम, निर्धार अशा चढ्या जातीचे आहेत. दुपारी जेवून बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, निवांत बसलेल्या गोंयकाराचे सुखद गुण त्यामुळे कमी भरतील, आणि तो दुःखी आहे असा निष्कर्ष साफ चुकेल. सुशेगाद म्हणजे गोंयकाराचे हे निवांत समाधान. ते मोजायचे तर सुखद-दुःखद आणि चेतलेले-निवांत असे दोन अक्ष हवेत. मानसशास्त्रज्ञ रसेल यांनी 1980 मध्ये असा नकाशा मांडला. पुढे त्यातूनच 9 बाय 9 चौकटींची जाळी आली. 81 घरांपैकी एका घरात फुली मारली की झाले.

‘पॅनास’चे इंग्रजी शब्द मराठीत आणताना खरी परीक्षा होते. ‘एक्सायटेड’ला ‘उत्तेजित’ लिहिले तर अर्थ भलतीकडे जातो, ‘उत्साहित’ लिहिले तर यादीतल्याच ‘उत्साही’शी टक्कर होते. ‘अलर्ट’ हा तिथे सुखद शब्द आहे, पण मराठीत ‘सतर्क’ म्हटले की धोक्याची सूचना ऐकू येते. म्हणून मराठी शब्दांचे पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर करून पाहावे आणि आठ-दहा जणांना प्रत्येक शब्दाचा अर्थ बोलून दाखवायला सांगावे. घरी कोंकणी आणि वाचायला मराठी असलेल्यांना दोन्ही भाषांतल्या प्रश्नावल्या दाखवाव्यात, पण एकदा निवडलेली भाषा शेवटपर्यंत बदलू नये.

‘गेला आठवडा कसा गेला?’ या प्रश्नाला स्मृती उत्तर देते, आणि तिच्यात तीव्र क्षण व शेवट ठळक उरतात. त्यापेक्षा क्षणोक्षणीचे नमुने बरे. सकाळी 9 ते रात्री 9 चे दोन-दोन तासांचे सहा भाग पाडा, प्रत्येक भागात फोन अवचित वाजू द्या. 7 दिवसांत 42 नोंदी. वेळ ठरलेली असली की माणूस आधीच तयारी करतो. पंधरा मिनिटांत उत्तर आले नाही तर जागा कोरी सोडा. कागदी डायरीवर विसंबू नका: 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डायऱ्यांमध्ये, त्या केव्हा उघडल्या ते टिपणारे प्रकाशसंवेदक लपवले होते. दुखण्याच्या रुग्णांनी 90 टक्के नोंदी वेळेवर केल्याचे लिहिले. प्रत्यक्षात वेळेवरच्या निघाल्या 11 टक्के.

कोऱ्या जागाही योगायोगाने पडत नाहीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणारी विक्रेती गर्दीच्या वेळी फोन उचलणारच नाही. तिचे सर्वांत धावपळीचे तास नोंदीतून गळतील आणि तिचा शुक्रवार कागदावर निवांत दिसेल. म्हणून फोन न उचलण्याचे कारण रात्री एका ओळीत विचारून घ्यावे आणि बाजाराचा दिवस वेगळा नोंदवावा.