बाटली, निपल आणि टीदर: सुरक्षिततेच्या नियमांमागचा इतिहास

बाळासाठी दुधाची बाटली किंवा शिवशिवणाऱ्या हिरड्यांसाठी टीदर घ्यायला गेले की खोक्यावर ‘बीपीए-मुक्त’, ‘थॅलेट-मुक्त’, ‘उकळून निर्जंतुक करता येते’, तर शेजारच्या खेळण्यावर ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असे शब्द दिसतात आणि बहुतेक पालक ते जाहिरातीचाच भाग समजून पुढे सरकतात. प्रत्यक्षात यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठे ना कुठे मुलांना इजा झाल्यावर, आणि तीही बरीच वर्षे होत राहिल्यावर, तिथे आला आहे. हा क्रम नीट पाहिला तर असे आढळते की एका धोक्यावर जो उपाय सापडला, त्यानेच पुष्कळदा पुढच्या धोक्याला वाट करून दिली. म्हणूनच खोक्यावरचा शब्द आधीच्या पिढीच्या प्रश्नाचे उत्तर असतो. आजच्या प्रश्नाचे तो उत्तर देईलच असे नाही.

आईच्या दुधाखेरीज दुसरे दूध पाजण्याची भांडी फार जुनी आहेत. जर्मनीतील बव्हेरियात मुलांच्या प्राचीन थडग्यांत चोच असलेली मातीची छोटी भांडी सापडली होती आणि त्यांत प्राण्यांच्या दुधाचे अंश असल्याचे २०१९ मध्ये रासायनिक तपासणीतून सिद्ध झाले. आपल्याकडचे बोंडलेही त्याच घाटाचे असते. बारशाला आजही चांदीचे बोंडले दिले जाते, आणि त्याचा मोठा गुण असा की ते वरून उघडे असते, आत बोट फिरवून घासता येते. हा गुण किती मोलाचा आहे, हे एकोणिसाव्या शतकातल्या युरोपने तो गमावल्यावर कळले.

१८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट यांनी रबरी निपलचे पेटंट घेतले आणि पुढच्या काही दशकांत रबर स्वस्त होत गेले. त्यातून जी बाटली इंग्लंड-फ्रान्समध्ये घरोघर पोहोचली ती चपट्या काचेची होती. तिच्या बुचातून रबराची लांब नळी बाहेर येई आणि नळीच्या टोकाला निपल असे. बाटली पाळण्यात बाळाच्या कुशीला ठेवली की बाळ स्वतःच चोखत राही. त्यामुळे घरकामाने किंवा कारखान्यातल्या पाळीने पिचलेल्या आईचे हात मोकळे होत, आणि बाटलीच्या लोकप्रियतेचे खरे कारण तेच होते. मात्र त्या अरुंद नळीच्या आत ब्रश जात नसे. दुधाचा थर आत साचून आंबत राही, त्यावर नवे दूध ओतले जाई आणि उन्हाळ्यात अतिसाराने बाळे दगावत. रोग जंतूंमुळे होतात हा सिद्धान्त मान्य झाल्यावर डॉक्टरांनी या बाटलीला ‘खुनी बाटली’ म्हणायला सुरुवात केली. तरीही स्वस्त आणि सोयीची म्हणून ती विसाव्या शतकापर्यंत विकली गेली. फ्रान्सने अखेर एप्रिल १९१० मध्ये कायदा करून नळीच्या बाटल्यांची विक्री बंद केली. त्याआधी, १८९० च्या दशकात, लंडनच्या अ‍ॅलन अँड हॅनबरीज कंपनीने दोन्ही टोकांना उघडी, होडीच्या आकाराची बाटली आणली होती. एका टोकाला निपल, दुसऱ्याला झडप, आणि दोन्ही काढली की पाण्याची धार आरपार जाई. ‘पूर्ण उघडून घासता आले पाहिजे आणि उकळता आले पाहिजे’ हा नियम तेव्हापासून रुजला. गुंतागुंतीच्या नळ्या आणि झडपा असलेल्या आजच्या काही महागड्या बाटल्या पाहिल्या की तो विसरला जातो आहे असे वाटते.

दात येण्याच्या बाबतीत इतिहास आणखी कडू आहे. मुलाचे दात यायचे वय आणि आईच्या दुधावरून वरच्या अन्नावर येण्याचे वय एकच. ताप, जुलाब आणि संसर्ग याच काळात वाढतात. परिणामी शेकडो वर्षे हे सारे दातांच्या माथी मारले गेले, आणि इंग्लंडच्या मृत्युनोंदींत ‘दात येणे’ हे मृत्यूचे कारण म्हणून सर्रास लिहिले जात होते. दात हाच रोग ठरल्यावर औषधे निघणारच. अमेरिकेत १८४९ पासून विकल्या गेलेल्या ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ या औषधात अफूपासून काढलेले मॉर्फिन आणि मद्यार्क होते. १९०६ च्या कायद्याने मॉर्फिनचा उल्लेख लेबलवर करणे भाग पडले, तोवर मुले कशाने शांत झोपतात हे आयांना ठाऊक नव्हते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात दातांसाठी दिल्या जाणाऱ्या पावडरींत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे संयुग, असे. हातापायांची कातडी गुलाबी होऊन सोलणे, उजेड सहन न होणे, अखंड किरकिर आणि स्नायू ढिले पडणे अशा लक्षणांच्या ‘पिंक डिसीझ’चे कारण कित्येक वर्षे कोणाला उमगले नाही, कारण पावडर घेणाऱ्या असंख्य मुलांपैकी थोड्यांनाच तो होई. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील सिनसिनाटीचे बालरोगतज्ज्ञ जोसेफ वॉर्कनी यांना अशा मुलांच्या लघवीत पारा सापडला. १९५४ च्या सुमारास ब्रिटिश उत्पादकांनी पावडरीतून पारा काढला आणि काही वर्षांत तो आजारच दिसेनासा झाला.

मुंबईत हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडत होती. गिरणगावात पहाटे कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या बाळाला अफू घातलेली ‘बाळागोळी’ देऊन घरी ठेवत. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांच्या पाहणीत, गिरणी कामगार स्त्रियांच्या ९८ टक्के बाळांना अफू दिली जात असल्याची नोंद आहे. हा आकडा आयांच्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून पुढे वारंवार वापरला गेला, आणि ते अन्यायाचे होते. अफूने बाळ झोपते आणि त्याची भूकही मरते. दिवसभर दूध पाजायला आईला घरी येताच येत नसेल, तर ती गोळी कामाच्या तासांनी लादलेलीच म्हटली पाहिजे. त्यावरचा खरा उपाय दवाखान्यापेक्षा कामगार कायद्यांतून आला. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये देशातला पहिला प्रसूतिलाभ कायदा केला. त्या विधेयकाला कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची आणि १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दोन सुट्ट्यांची तरतूद झाली. बाळाच्या वस्तूंची सुरक्षितता ही आईच्या वेळेशी बांधलेली आहे, हे नळीच्या बाटलीनेही दाखवले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर डबाबंद दुधाच्या कंपन्या आशिया-आफ्रिकेतल्या बाजारांकडे वळल्या. तिथे स्वच्छ पाणी नव्हते, इंधन महाग होते आणि डबा पुरवून वापरण्यासाठी दूध पातळ केले जाई. बाटली उकळण्याचा नियम पुस्तकात राहिला. बाळे कुपोषण आणि अतिसाराने मरू लागली, तेव्हा १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्काराची चळवळ सुरू झाली आणि मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीबाबतची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत केली. विरोधातले एकमेव मत अमेरिकेचे होते. भारताने १९८३ मध्ये स्वतःची संहिता स्वीकारली आणि १९९२ मध्ये तिचा कायदा केला, जो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला व २००३ मध्ये दुरुस्तीने अधिक कडक झाला.

या कायद्याची ओळख बहुतेकांना दुधाच्या डब्यापुरतीच असते. त्याच्या नावात मात्र दूध पाजण्याची बाटलीही आहे, आणि बाटलीच्या व्याख्येत तिला जोडता येणारे निपल व झडप यांचाही समावेश आहे. या वस्तूंची जाहिरात करता येत नाही, मोफत नमुना किंवा भेट देता येत नाही, दवाखान्यात त्यांचे फलक लावता येत नाहीत, आणि भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असल्याशिवाय बाटली विकताच येत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीसाठी आयएस १४६२५ आणि काचेच्या बाटलीसाठी आयएस ५१६८ ही मानके आहेत. खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसते. दुकानात उभे राहून एवढे करायला दोन मिनिटे पुरतात.

आता प्लॅस्टिककडे. काच फुटते, म्हणून पारदर्शक आणि कणखर पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या आल्या आणि काही दशके त्या उत्तम मानल्या गेल्या. पॉलिकार्बोनेट ज्या बिस्फेनॉल-ए (बीपीए) पासून बनते ते शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे वागते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांनी १९३० च्या दशकातच दाखवले होते. अडचण अशी की गरम पाण्याने हे प्लॅस्टिक हळूहळू तुटते आणि बीपीए दुधात उतरते. म्हणजे जंतू मारण्यासाठी शिकवलेली उकळण्याची सवयच इथे अपायकारक ठरली. कॅनडाने २००८ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला, युरोपीय संघाने २०११ मध्ये, तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये बाटल्यांत त्याचा वापर बंद केला. भारताच्या मानकात ही बंदी २०१५ च्या सुधारणेत आली. तरीही दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेला त्यानंतरच्या तपासणीत बाजारातल्या बाटल्यांत आणि सिपी कपांत, म्हणजे मुलांच्या चोचीच्या कपांत, बीपीए आढळले. सिपी कपाची गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, कारण आयएस १४६२५ हे मानक दूध पाजण्याच्या बाटल्यांचे आहे आणि कप म्हणून विकली जाणारी वस्तू सहज त्याबाहेर राहते.

पॉलिकार्बोनेटची जागा पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकने घेतली. त्यात बीपीए नसते, पण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की गरम पाणी घालून हलवल्यावर अशा बाटलीतून लिटरमागे १.६ कोटींपर्यंत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सुटू शकतात, आणि पाणी जितके गरम तितके ते जास्त. या कणांचा बाळावर काय परिणाम होतो हे ठरायचे आहे. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नसले तरी दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात तयार करून, कोमट झाल्यावरच बाटलीत ओतणे शहाणपणाचे आहे. खरे तर आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आलेली स्टीलची वाटी आणि चमचा या सगळ्या वादाच्या बाहेरच आहे. ती कितीही उकळली तरी तिच्यातून यातले काही सुटत नाही आणि तिच्यात जंतूंना लपायला जागा नाही.

टीदरचा इतिहास तुलनेने आखूड आहे. पीव्हीसी हे प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात थॅलेट ही रसायने मिसळतात. ते प्लॅस्टिकशी रासायनिकरीत्या जोडलेले नसल्याने चघळताना लाळेत उतरतात. युरोपने डिसेंबर १९९९ मध्ये तीन वर्षांखालील मुले तोंडात घालतील अशा पीव्हीसी वस्तूंतील सहा थॅलेटांवर तातडीची बंदी घातली आणि अमेरिकेने २००८ च्या कायद्याने ०.१ टक्क्याची मर्यादा आणली. आकाराचा नियम त्याहून जुना आहे: ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावणारा तुकडा तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतो, असे धरून अमेरिकेत १९८० पासून खेळणी तपासली जातात.

औषधांचा मोह मात्र अजून सुटलेला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दातांसाठीच्या होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचे प्रमाण बेभरवशाचे असल्याचे जाहीर केले, आणि मे २०१८ मध्ये दोन वर्षांखालील मुलांच्या हिरड्यांना बेंझोकेन हे बधिर करणारे औषध असलेली जेल लावू नये असे बजावले, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता धोकादायकरीत्या घटू शकते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दात येताना मुलांच्या गळ्यात घातल्या जाणाऱ्या अंबरच्या (झाडाच्या जुन्या, घट्ट झालेल्या राळेच्या) मण्यांच्या माळांबाबत इशारा आला. झोपेत अशी माळ गळ्याभोवती आवळून अठरा महिन्यांचे मूल दगावले होते. आपल्याकडे चोखणीला किंवा बोटाला मध लावून देण्याची पद्धत आहे. तान्ह्या मुलांतील बोटुलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणारा गंभीर आजार, १९७६ मध्ये ओळखला गेला आणि त्यात मधाचा वाटा स्पष्ट झाला, तेव्हापासून वर्षभराच्या आतील मुलाला मध देऊ नये हा सल्ला जगभर दिला जातो. बाळगुटी उगाळताना हा सल्ला अजूनही बाजूला ठेवला जातो.

भारतात खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे करणारा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. त्यामुळे सावंतवाडीला चितार आळीत घेतलेल्या लाकडी खुळखुळ्यावर आयएसआय चिन्ह नसेल तर त्यात बेकायदा काही असेलच असे नाही. बाळ तो तोंडात घालणारच, हे धरून लाकडाला चिरा किंवा सुटणारे मणी नाहीत ना हे पाहावे आणि कारागिराला रंग लाखेचा आहे की दुकानातून आणलेल्या तैलरंगाच्या डब्यातला, हे सरळ विचारावे. घरगुती रंगांतील विषारी शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम २०१७ मध्ये लागू झाला आहे. पण त्याआधी रंगवलेले, माळ्यावरून काढून धाकट्याला दिलेले जुने खेळणे या नियमात येत नाही.