मायकल जॉर्डनला शाळेच्या संघातून खरंच हाकललं होतं का?

नापास झालेल्या मुलाला धीर देताना हमखास सांगितली जाणारी गोष्ट: पुढे जगप्रसिद्ध बास्केटबॉलपटू झालेल्या मायकल जॉर्डनलाही शाळेच्या बास्केटबॉल संघातून काढून टाकलं होतं, म्हणे. हे खरं नाही.

घडलं ते असं. १९७८ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात, लेनी हायस्कूलमध्ये दहावीत असताना जॉर्डनने निवड चाचणी दिली. शाळेचे दोन संघ होते, मुख्य आणि कनिष्ठ. मुख्य संघात बहुतेक वरच्या वर्गांतली मुलं असायची. दहावीतल्या एकाच मुलाला तिथे घेतलं, लिरॉय स्मिथला. कारण अगदी साधं होतं. संघाला उंची हवी होती, स्मिथ ६ फूट ७ इंच होता आणि जॉर्डन जेमतेम ५ फूट १० इंच. म्हणून जॉर्डन कनिष्ठ संघात गेला. त्याला काढून कसं टाकणार? मुख्य संघात तो त्याआधी कधी नव्हताच! उलट कनिष्ठ संघात त्याला भरपूर खेळायला मिळालं, आणि काही सामन्यांत तर त्याने चाळीस-चाळीस गुण केले.

यादीत आपलं नाव नाही हे पाहून तो घरी जाऊन रडला होता, हे मात्र खरं. ते दुःख त्याने जपलं. २००९ साली बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, समावेश झाला तेव्हाच्या भाषणातही त्याने स्मिथचा उल्लेख केला. पण यात उगीच खलनायक ठरले ते मुख्य संघाचे प्रशिक्षक पॉप हेरिंग. त्यांचा तो निर्णय योग्यच होता, असं मला ठामपणे वाटतं.